ट्राइब, गँग स्टार, पीट रॉक... हा जॅझवाला हिपहॉप पुढे गेला कुठे?

बेसवेडा_डोंबिवली

लोकहो, सध्या अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या 'द लो एंड थिअरी'ने पार पछाडलंय. १९९१चा अल्बम, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा, आणि लोकलमध्ये येता-जाता तोच चालू, दुसरं काही लावलं की दोन मिनिटांत परत तिथेच. पहिलंच गाणं घ्या, 'एक्स्कर्शन्स'. सुरुवातीला नुसता डबल बेस, एकटाच, ड्रम नाही काही नाही, त्यावर त्यांचा रॅपर क्यू-टिप बोलायला लागतो की घरी वडील म्हणायचे हे तुमचं हिपहॉप ऐकून मला बीबॉप (जुन्या जॅझचा एक प्रकार) आठवतं, आणि मग धाडकन ड्रम पडतात. त्या जागेला दर वेळी अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत.

तिथून मग गँग स्टार, पीट रॉक अँड सीएल स्मूद, डिगेबल प्लॅनेट्स, गँग स्टारमधल्याच गुरूचा 'जॅझमॅटॅझ' असं करत करत १९९६ पर्यंत पोचलो आणि पुढे रस्ताच संपला. त्यानंतरचं जे मोठं मोठं ऐकतो त्यात हा आवाज कमीच. मग एकदम २०१५ला केंड्रिक लमारच्या अल्बममध्ये सॅक्सोफोन सापडतो. मधल्या काळात झालं काय? सॅम्पलच्या, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून वापरण्याच्या, कोर्टकचेऱ्यांमुळे बंद पडलं असं वाचलं होतं, ते खरंय का? आणि एक मित्र म्हणतो की हे सगळं आता कॅफेत कॉफीबरोबर लावायचं म्युझिक आहे, त्याला काय उत्तर देऊ तेही सांगा, कारण मला तर जाम राग आला पण मुद्दा सुचला नाही.

खरखर_तबकडी

वा, लय दिवसांनी मनासारखा विषय.

कोर्टाचं अर्धं खरंय. डिसेंबर १९९१मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला, गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला म्हणून. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' ने केली, म्हणजे मूड काय होता ते कळलं असेल. तिथून पुढे कंपन्यांचे वकील प्रत्येक तुकड्याची परवानगी मागायला लागले. पण तारखा बघ ना भावा. निकाल १९९१चा, आणि ट्राइबचा 'मिडनाइट मरॉडर्स' नोव्हेंबर १९९३चा, रॅपर नासचा 'इलमॅटिक' एप्रिल १९९४चा. सगळ्यात भारी माल त्या निकालानंतर आलाय. सॅम्पल बंद नाही पडलं, महाग पडलं. वीस रेकॉर्डींचे वीस तुकडे एका गाण्यात कोंबायची चैन संपली, मग लोक एकाच रेकॉर्डवर गाणं उभं करायला लागले, नाहीतर गँग स्टारच्या डीजे प्रीमियरसारखे तुकडे इतके बारीक चिरायला लागले की मूळ मालकालाही ओळखू येऊ नये.

आता तू म्हणतोस तो 'आवाज', त्यात निम्मा हात मशीनचा आहे आणि हे कोणी सांगत नाही. एसपी-१२०० नावाचं यंत्र होतं, १९८७चं, त्यात सॅम्पल घ्यायला सगळी मिळून दहाच सेकंद, आणि एका पॅडला (बटणाला) अडीच. अडीच सेकंदात जॅझचं काय बसणार? मग हे लोक ३३च्या स्पीडची एलपी ४५वर लावायचे, चिपमंकसारखी किरकिर रेकॉर्ड करायचे, आणि मशीनमध्ये आणून वेग परत खाली ओढायचे. वेळ वाचला. पण यंत्र १२ बिटचं, त्यामुळे खाली ओढताना आवाजाला एक रवाळपणा यायचा, कडा झिजल्यासारख्या. नंतर स्वच्छ, महागडी यंत्रं आली तरी लोक तोच रवाळपणा शोधत बसले.

दुसरी युक्ती फिल्टरची. जॅझच्या रेकॉर्डवर पियानो, ट्रम्पेट, झांजा सगळं एकत्र असतं, वेगळा बेस मिळतच नाही. मग वरचा सगळा आवाज कापून टाकायचा की खाली उरतो तो नुसता घुमणारा बेस. पीट रॉक, लार्ज प्रोफेसर ही मंडळी ह्यात बाप. दुसऱ्या खोलीत बँड वाजतोय आणि दार बंद आहे असं ऐकू येतं बघ.

ठेका_ठाणे

दाराचं एकदम करेक्ट 🔥

आणि पीट रॉक अँड सीएल स्मूदचं 'टीआरओवाय' विसरू नका राव. सॅक्सोफोनचा तो तुकडा टॉम स्कॉटचा, १९६७च्या रेकॉर्डवरचा, आणि तेही जेफरसन एअरप्लेनच्या गाण्याचं कव्हर, म्हणजे मुळात जॅझ असं काही नाहीच. पीट रॉकला रेकॉर्डमध्ये तेवढंच दिसलं. त्यांचा दोस्त ट्रॉय डिक्सन १९९०मध्ये गेला होता, हेवी डीच्या ग्रुपमधला डान्सर, आणि १९९२ला त्याच्या आठवणीत हे गाणं. सीएल स्मूद त्यात स्वतःच्या घरच्यांबद्दल बोलत राहतो, आई, आजोबा, मामा... लग्नात लावता येत नाही पण लावावंसं वाटतं असं गाणं.

अण्णा_डबलबेस

मी वयाने तुमच्या सगळ्यांच्या वरचा दिसतोय. जॅझ कॉलेजपासून ऐकतो, मुंबईत जॅझ यात्रा भरायची तेव्हापासून. मुलगा हे तुमचं घरात लावतो म्हणून कानावर पडतं, वाईट नाही. पण मला एक खटकतं ते खटकतंच. जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या माणसांनी वर्षानुवर्षं बोटं झिजवून जे वाजवलं, त्यातला अडीच सेकंदांचा तुकडा उचलायचा, तो गोल गोल फिरवत ठेवायचा, आणि ह्याला जॅझ म्हणायचं? जॅझमध्ये तीच गोष्ट दोनदा तशीच होत नाही, हाच तर त्याचा प्राण. लूप म्हणजे बरोबर उलटं.

रॉन कार्टरने ट्राइबच्या अल्बमवर एका गाण्यात खरोखरचा बेस वाजवलाय हे मात्र मला माहीत आहे. हा तोच, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९६०च्या दशकातल्या क्विंटेटमधला. आल्यावर त्याने अट घातली होती म्हणे, गाण्यात शिवीगाळ नको. ते ऐकून बरं वाटलं. असं माणसं बोलावून करा ना मग, तुकडे कशाला?

मुग्धा_नाशिक

अण्णा, तुमच्याशी भांडायची इच्छा नाही पण भांडते 😄

माणसं बोलावून केलं की चांगलं होतं असं असतं तर 'जॅझमॅटॅझ' हा सगळ्यात थोर अल्बम व्हायला हवा होता. १९९३, गुरूने डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स, लॉनी लिस्टन स्मिथ, ब्रॅनफर्ड मार्सालिस असे एकेक दिग्गज स्टुडिओत आणले. आणि मला तो अल्बम कधीच पूर्ण पटला नाही. दोन्ही बाजू एकमेकांशी फार सभ्यपणे वागतात त्यात. गुरू बोलतो, मागे ट्रम्पेट अदबीने वाजतो, कोणी कोणाला धक्का देत नाही. त्याच गुरूचं गँग स्टारमधलं काम ऐका, 'डेली ऑपरेशन', तिथे प्रीमियर जॅझच्या रेकॉर्डींचे तुकडे करून असे आपटतो की जॅझ कुठे आहे ते दिसतही नाही, पण स्विंग तिथे जास्त आहे.

आता लूपचं. ज्या 'एक्स्कर्शन्स'वरून हा सगळा धागा सुरू झाला त्याचा बेस आर्ट ब्लेकीच्या 'अ चँट फॉर बू' मधला आहे, १९७३चा. मूळ ऐका तुम्ही, तुमच्याकडे असेलच. मूळ चाल सहाच्या वजनात जाते, दादऱ्यासारखी झुलत. क्यू-टिपने ती उचलून चारच्या वजनात बसवली. म्हणजे नुसतं कापून फिरवलेलं नाही, जास्तीची मात्रा भरून तिचा सम हलवलाय, आणि इतक्या सफाईने की मूळ आधी ऐकलं नसेल तर शंका पण येत नाही. दादऱ्याचा केरवा करून दाखवलाय पोराने, वयाच्या विशीत. ह्याला मी तरी वाजवणंच म्हणते.

आणि हे पोरगं कुठलं तर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या सेंट ऑल्बन्सच्या बाजूचं. त्या भागात जॅझमधले मोठमोठे लोक, काउंट बेसी, एला फिट्झजेराल्ड, मिल्ट हिंटन राहायचे, जॉन कोल्ट्रेनचं घर पण तिथेच होतं. ट्राइबच्या गाण्यांत लिंडन बुलेव्हार्ड सारखा येतो ना, तो त्याच वस्तीतून जातो. नासचे वडील ओलू डारा कॉर्नेट वाजवतात, 'इलमॅटिक'वर एका गाण्याच्या शेवटी ते वाजवूनच जातात. लायब्ररीत जाऊन जॅझ शोधलं नाही ह्यांनी, घरात आईबाबांच्या रेकॉर्डी पडलेल्या होत्या.

अण्णा_डबलबेस

दादऱ्याचा मुद्दा ऐकून बघतो. रेकॉर्ड आहे माझ्याकडे.

पुणेरी_प्रीमो

अण्णा, तुकड्यांवर एवढा राग का? आपल्याकडे नाट्यपदांच्या चाली रागदारीतल्या बंदिशींवरून, ठुमऱ्यांवरून बांधल्याच की. बखलेबुवांनी 'स्वयंवर'ला केलं तेव्हा चोरी म्हणाला का कोणी? उलट डोक्यावर घेतलं.

अण्णा_डबलबेस

अहो पण बालगंधर्व स्वतः गायले ना! कोणाची तबकडी लावून ओठ नाही हलवले. चाल घेणं वेगळं आणि त्या माणसाने त्या दिवशी, त्या खोलीत जो आवाज काढला तोच उचलणं वेगळं. चाल सगळ्यांची असते, हात एकाचा असतो. आणि त्या हाताला पैसे कधी मिळाले? विचारा तुमच्या खरखरवाल्यांना.

खरखर_तबकडी

अण्णांचा हा मुद्दा सगळ्यात दणकट आहे आणि ह्यावर हिपहॉपच्या चाहत्यांकडे सोपं उत्तर नाही.

पैशाचं चित्र विचित्र होतं. ट्राइबचंच १९९०चं 'कॅन आय किक इट', त्यात लू रीडच्या गाण्यातला बेस आहे. सगळा पैसा लू रीडला गेला, ट्राइबला शून्य, असं ट्राइबचा दुसरा रॅपर फाइफ डॉग ह्यानेच सांगितलंय. पण तो बेस मुळात ज्याने वाजवला तो हर्बी फ्लॉवर्स, लंडनचा सेशनवाला, त्याला काय मिळालं असेल याचा विचार करा. वाजवणाऱ्याला त्या दिवसाचं मानधन, पुढची कमाई गाण्याच्या आणि रेकॉर्डिंगच्या मालकाला. जॅझमध्ये तर ही रड हिपहॉपच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

दुसरी बाजू पण आहे हं. ब्लू नोट ही जॅझची सगळ्यात मानाची कंपनी. लंडनच्या यूएस३ ह्या ग्रुपने त्यांच्या रेकॉर्डींमधून न विचारता तुकडे घेतले, कंपनीला कळलं, बोलावणं आलं, आणि खटला भरण्याऐवजी कंपनीने आख्खं कपाटच उघडून दिलं. त्यातून १९९३चं 'कँटालूप' आलं, हर्बी हॅन्कॉकच्या १९६४च्या धुनेवर. सुरुवातीला जो चिरका आवाज अनाउन्समेंट करतो तो पी वी मार्केट, बर्डलँड क्लबचा निवेदक, १९५४च्या आर्ट ब्लेकीच्या लाइव्ह रेकॉर्डवरून उचललेला. ब्लू नोटने इतक्या वर्षांत एवढी विक्री बघितली नव्हती. गाणं मला स्वतःला जरा हॉटेलच्या लॉबीसारखं वाटतं, बेसवेड्या तुझ्या त्या कॅफेवाल्या मित्राची मूळ तक्रार खरंतर ह्या गाण्याशी असणार. पण त्यामुळे किती पोरं जुन्या ब्लू नोटकडे वळली ते नाकारता येत नाही.

ठेका_ठाणे

मी त्यातलाच एक. कँटालूप → हर्बी हॅन्कॉक → माइल्स → खिसा रिकामा

मुग्धा_नाशिक

कॅफेच्या मित्राला 'ब्लोआउट कोम' ऐकव, डिगेबल प्लॅनेट्सचा १९९४चा दुसरा अल्बम. पहिल्याचं गाणं गाजलं, ग्रॅमी मिळालं, जाहिरातीछाप 'कूल' म्हणून लोकांनी ओठांवर घेतलं. मग ह्यांनी काय केलं, तर ब्रुकलिनमध्ये बसून ब्लॅक पँथरच्या राजकारणाने गच्च भरलेला, रेडिओला न झेपणारा अल्बम काढला. विकला गेला नाही. ग्रुप फुटला. आज दोन्हींपैकी तोच पुन्हा पुन्हा ऐकला जातो, निदान माझ्याकडून तरी. त्यात लेडीबग मेका आहे, आणि हा विषय निघाला की फक्त पुरुषांची यादी होते म्हणून सांगते, तिचा आवाज ऐका, एकदम हलका, कुजबुजल्यासारखा, पण ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत चालतो. आणि फिलाडेल्फियाची बहामादिया, १९९६चा 'कोलाज'. तिच्याएवढं शांतपणे कोणी रॅप करत नाही.

बेसवेडा_डोंबिवली

बाप रे, एका दिवसात एवढं! बहामादिया माहितीच नव्हती, लावली, आणि आता ऑफिसात काम होईना. मुग्धाताई धन्यवाद. अण्णा तुम्ही पण लिहित राहा, प्लीज.

पण माझा मूळ प्रश्न अजून उरलाय. १९९६नंतर काय?

डिलाचा_ड्रम

आता मी येतो, कारण हा माझा विषय.

एक तर बाजार बदलला. डॉक्टर ड्रेचा 'द क्रॉनिक' १९९२च्या डिसेंबरात आलाच होता, सगळा देश त्या सिंथेसायझरच्या लांब शिट्टीकडे वळला, मग पफ डॅडीचे चकचकीत सूट, क्लबची गाणी, गाण्यामागे बजेट. ट्राइब १९९८ला फुटले. वरवर बघता दुकान बंद.

पण माझं मत असं की ते जॅझकडे परत गेलं, आणि हे रॅपच्या चार्टवर शोधलंस तर सापडणार नाही. डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला. हा ट्राइबच्या शेवटच्या काळात त्यांच्याबरोबर होता, त्याआधी १९९५ला फारसाइडचं 'रनिन' ह्याने केलं, स्टॅन गेट्झ आणि लुइज बोन्फाच्या गिटारवर. सगळे जण मशीनमधलं ते बटण चालू ठेवायचे जे तुमचे ठोके आपोआप सरळ रेषेत आणतं. डिला बऱ्याचदा ते बंद ठेवून हाताने ठोके टाकायचा. ड्रमसेटमधली किक जरा उशिरा, स्नेअर जरा लवकर, हायहॅट तिसरीकडेच. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं हा दारू पिऊन वाजवतोय. दहाव्यांदा ऐकलं की बाकी सगळं ताठर वाटायला लागतं.

आता गंमत बघा. अण्णा म्हणतात जॅझवाल्यांच्या हातांचं मशीनने उचललं. पण ह्यानंतर जॅझवाले ड्रमर बसून डिलाच्या मशीनचा तो लंगडा ठेका स्वतःच्या हाताने वाजवायला शिकले. रूट्स ह्या हिपहॉप बँडचा क्वेस्टलव्ह आधी, त्याने गायक डिअँजेलोच्या 'व्हूडू'वर (२०००) हेच केलं, आणि त्या अल्बमवर ट्रम्पेट कोणाचा, तर रॉय हारग्रोव्हचा, म्हणजे पक्का जॅझवाला. मग क्रिस डेव्ह. मग पियानोवाला रॉबर्ट ग्लास्पर, ज्याने २००७च्या ट्रिओ अल्बमवर डिलाच्या चालींची मेडली वाजवली, ज्या चाली मुळात दुसऱ्यांच्या रेकॉर्डींतून आलेल्या! उचललेलं परत उचललं आणि ह्या वेळी हाताने. ग्लास्परचा 'ब्लॅक रेडिओ' २०१२चा, आणि २०१५ला केंड्रिकच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'वर हीच सगळी गँग, ग्लास्पर, थंडरकॅट, टेरेस मार्टिन, कमासी वॉशिंग्टन. तुला 'एकदम' सॅक्सोफोन सापडला असं वाटलं, पण मधली वीस वर्षं ही माणसं शाळेत दिवसा कोल्ट्रेन आणि रात्री ट्राइब ऐकत मोठी झाली होती. त्यांच्यासाठी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

डिला फेब्रुवारी २००६ला गेला, 'डोनट्स' आल्यावर तीन दिवसांनी. त्याचं मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुणेरी_प्रीमो

आणि जपानचा बीटवाला नुजाबेस? त्याच्यावरूनच तर ते यूट्यूबवरचं अभ्यास करताना ऐकायचं लो-फाय सुरू झालं.

डिलाचा_ड्रम

हो, नुजाबेस मस्तच, 'सामुराई चँपलू' ह्या अ‍ॅनिमे मालिकेमुळे कितीतरी पोरांना ह्याची गोडी लागली. पण लो-फायच्या त्या चोवीस तास चालणाऱ्या व्हिडिओंबद्दल मी जरा कडवट आहे. त्यात रेकॉर्डची खरखर ठेवली, पियानोचा उदास तुकडा ठेवला, आणि बोलणारा माणूस काढून टाकला. फाइफ डॉग काढून टाकला हो! तो साडेपाच फुटांच्या आतला, डायबेटिसशी झुंजणारा, बास्केटबॉलवर गप्पा मारणारा, स्वतःवर हसणारा माणूस, त्याच्याशिवाय ट्राइब म्हणजे नुसती सजावट. २०१६च्या मार्चमध्ये तो गेला, नोव्हेंबरात त्यांचा शेवटचा अल्बम आला आणि थेट पहिल्या नंबरवर गेला, त्यावर त्याचा आवाज आहे. रूममध्ये उभा राहून भांडतोय असा.

ठेका_ठाणे

आपल्याकडचं एक कनेक्शन सांगू? कॅलिफोर्नियाचा बीटवाला मॅडलिब, 'बीट कंडक्टा इन इंडिया', २००७. हिंदी पिक्चरच्या जुन्या रेकॉर्डींचे तुकडे. त्याचा मामा-काका कोणीतरी जॉन फॅडिस, ट्रम्पेटवाला.

अण्णा_डबलबेस

हे ऐकून हसू आलं. कारण त्या हिंदी पिक्चरच्या गाण्यांत वाजवणारे कोण होते? गोव्याचे! ताजमध्ये १९३०च्या दशकात लिओन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकेचे काळे वादक येऊन वाजवायचे, त्यांच्याकडून आमच्या गोवेकरांनी कानाने उचललं, आणि पुढे पोटासाठी स्टुडिओत गेले. चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाले, आपल्या चितळकरांबरोबर (सी. रामचंद्र) होते, 'अलबेला' काढून बघा, १९५१, पडद्यावर त्यांचा बँड दिसतो. म्हणजे न्यूयॉर्कचं मुंबईत आलं, चितळकरांच्या गाण्यात गेलं, आणि असल्याच रेकॉर्डींतून कॅलिफोर्नियाचा मुलगा परत घेऊन गेला.

दुसरं. ब्लेकीची रेकॉर्ड आणि तुमचं गाणं पाठोपाठ लावून ऐकलं. मुलगी बरोबर बोलतेय, वजन बदललंय. मी पायाने मात्रा मोजत होतो, दोनदा चुकलो. मुलाने बघितलं, आता दिवसभर चिडवतोय. तरीही त्या बेसवाल्याला पैसे मिळायला हवे होते, ह्यावर मी ठाम आहे.

मुग्धा_नाशिक

त्यावर आपलं भांडणच नाही अण्णा. मिळायलाच हवेत.

बेसवेडा_डोंबिवली

मग आता क्रम सांगा कोणीतरी. 'व्हूडू' आधी की 'डोनट्स'? आणि अण्णा, रॉन कार्टरचं एक सांगा, माइल्सबरोबरचं, सुरुवात कुठून करू?

डिलाचा_ड्रम

आधी रूट्सचा 'थिंग्ज फॉल अपार्ट', १९९९. मग व्हूडू. डोनट्स सगळ्यात शेवटी, घाई करू नकोस.

अण्णा_डबलबेस

'ईएसपी', १९६५. आणि बाळा, फोनच्या स्पीकरवर नको. बेस ऐकायचा तर धड हेडफोन घे आधी.

बेसवेडा_डोंबिवली

बजेट दोन हजार. सुचवा.